रफियनला प्लास्टर का पुरले नाही?

अल्फारेटाच्या विल्स पार्कमध्ये घोड्यांची स्पर्धा पाहताना लेकीने विचारले, "घोड्याचा पाय मोडला तर त्याला मारतात का? प्लास्टर का नाही घालत?" महालक्ष्मीच्या रेसकोर्सजवळून इतक्या वेळा गेलो, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्याचे उत्तर रफियन नावाच्या घोडीच्या गोष्टीत आहे.

रफियनचा जन्म १७ एप्रिल १९७२ रोजी केंटकीतल्या क्लेबोर्न फार्मवर झाला. तिचा बाप रिव्ह्यूअर हा बोल्ड रूलरचा मुलगा आणि आई शेनॅनिगन्स ही नेटिव्ह डान्सरची मुलगी. दोन्ही आजोबा अमेरिकेतले नामांकित घोडे. मे १९७४ मध्ये पहिलीच शर्यत तिने १५ लेंग्थने जिंकली. म्हणजे मागच्या घोड्यापासून तिचे अंतर १५ घोड्यांच्या लांबीएवढे होते. पुढे १० पैकी १० शर्यती तिच्याच.

६ जुलै १९७५ रोजी न्यू यॉर्कच्या बेलमाँट पार्कमध्ये तिची केंटकी डर्बी विजेत्या फूलिश प्लेजरशी समोरासमोर शर्यत लागली. ती पुढे असतानाच उजव्या पुढच्या पायातली सेसमॉइड हाडे फुटली. खुराच्या वरच्या सांध्यामागे असलेली ही दोन छोटी हाडे भरधाव धावताना प्रचंड ताण सोसतात.

डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली, प्लास्टरही घातले. पण भूल उतरताच ती जमिनीवर पडल्या पडल्या पाय झाडू लागली, जणू अजून शर्यतच चालू होती. त्यात नव्या जखमा झाल्या आणि शेवटी तिला कायमचे झोपवावे लागले. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. "पडून राहा" हे त्याला कसे समजावणार? शिवाय साधारण ५०० किलोचा भार तीनच पायांवर आला तर चांगल्या पायांचे खूरही आतून सुजतात.

दोष रक्ताचा होता का? थरोब्रेडची वंशावळ बंद असते, बाहेरच्या जातीचे रक्त त्यात येत नाही. आजच्या बहुतेक थरोब्रेड नरांची पितृवंशरेखा १७०४ साली इंग्लंडमध्ये आणलेल्या डार्ली अरेबियनपर्यंत जाते. पिढ्यानपिढ्या निवड झाली ती वेगाची. रिव्ह्यूअरचाही शेवट १९७७ मध्ये पाय मोडूनच झाला. पण एका घराण्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. सरावाने हाडात सूक्ष्म तडे जातात आणि ते भरून यायला विश्रांती लागते. रफियनच्या मागच्या पायाला १९७४ मध्येच बारीक तडा गेला होता.

पुढे पेनसिल्व्हेनियाच्या न्यू बोल्टन केंद्रात घोड्यांना पाण्याच्या टाकीत तराफ्यावर ठेवून शुद्धीवर आणू लागले. पाण्यात पाय झाडले तरी हाडाला धक्का बसत नाही.

लेकीला म्हटले, "प्लास्टर घालतात गं. पण घोड्याला थांबता येत नाही."