एअर फिल्टरच्या डब्याचे ‘स्लिप’ झालेले स्क्रू

एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण काही गाड्यांत क्लिपांनी बसतं, काहींत स्क्रूंनी. हे स्क्रू थेट प्लास्टिकमध्येच आटे पाडतात. फिल्टर बदलून ते परत लावताना जरा तिरपे गेले, की नवे आटे पडतात, जुने खरवडले जातात आणि शेवटी स्क्रू नुसताच गरगर फिरतो. पॉवर गनने घाईत आवळले तर एकदाच पुरतं!

झाकणाला फट राहिली की धूळ फिल्टरला वळसा घालून इंजिनात शिरते आणि सिलिंडर, पिस्टनच्या रिंगा झिजवते. म्हणून चालढकल नको.

भोकात सुपरग्लू ओतण्याचा मोह होतो, पण डबा बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो आणि त्याला साधा गोंद धड चिकटत नाही. त्यापेक्षा तेवढ्याच लांबीचा, किंचित जाड, प्लास्टिकसाठीचा स्क्रू घ्यावा. लांब घेतला तर तळ फुटू शकतो. भोकाभोवतीची भिंत पातळ असेल तर जाड स्क्रूने ती चिरते; तिथे केबल टायचा बारीक तुकडा भोकात उभा सरकवून जुनाच स्क्रू बसवावा. दिसायला जुगाड, पण धरतो. कायमचा इलाज म्हणजे आतून आटे असलेला पितळी इन्सर्ट. डबा गाडीतून काढून, सोल्डरिंगच्या कावियाने तापवत तो भोकात दाबायचा आणि पूर्ण थंड झाल्यावर त्यात मशीन स्क्रू लावायचा. प्लास्टिकचा चुरा आत राहू देऊ नये.

शाबूत भोकांसाठी एक युक्ती: स्क्रू आधी हलकेच उलटा फिरवावा. ‘टक्’ जाणवलं की जुना आटा सापडला. मग हातानेच आवळावा.