कोंबड्यांची मरतूक आणि जगाचे आरोग्य

सन १९१८ मध्ये इन्फ्ल्युएंझाची जी जागतिक साथ आली, तिला आपल्याकडे ‘मानमोडी’ म्हणत. एकट्या भारतात त्या साथीत एक कोटीहून अधिक माणसे दगावली, असा अंदाज आहे. अशा साथींचे मूळ पुष्कळदा पशुपक्ष्यांच्या आजारात असते. म्हणून परसातील खुराड्याची निगा हा केवळ घरगुती प्रश्न नव्हे.

इन्फ्ल्युएंझाचे विषाणू रानबदकांच्या शरीरात वास करतात. विष्ठेवाटे ते पाणवठ्यावर येतात व तेथून पाळीव कोंबड्यांना बाधतात. एच५एन१ हा त्यांपैकी अत्यंत घातक प्रकार होय. १९९७ मध्ये हाँगकाँग येथे १८ माणसांना त्याची बाधा झाली व ६ दगावली. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे तो भारतात प्रथम आढळला. २०२४ मध्ये तो अमेरिकेतील दुभत्या गाईंतही दिसून आला.

हा रोग माणसाकडून माणसास सहजासहजी होत नाही. परंतु विषाणू आपले रूप सतत पालटतो. पक्ष्यांचा व माणसांचा विषाणू डुकरासारख्या एकाच प्राण्याच्या शरीरात एकत्र आल्यास दोहोंचे गुण असलेला नवा प्रकार उद्भवू शकतो. तो माणसांत पसरू लागल्यास साऱ्या जगावर संकट येईल.

कोंबड्या अचानक मोठ्या संख्येने मरणे, तुरा निळसर पडणे, डोके सुजणे व अंडी एकदम घटणे ही या रोगाची लक्षणे आहेत. राणीखेत रोगातही पुष्कळशी अशीच लक्षणे दिसतात. खरे निदान प्रयोगशाळेतच होते. म्हणून पुढील दक्षता घ्यावी :

१. मेलेल्या पक्ष्यास उघड्या हाताने स्पर्श करू नये. तो ओढ्यात वा उकिरड्यावर टाकू नये.

२. कोंबड्या, बदके व डुकरे वेगवेगळी ठेवावीत.

३. मांस व अंडी पूर्ण शिजवूनच खावीत.

४. मरतूक दिसताच ग्रामपंचायतीस व पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. २००९ च्या कायद्याने हे मालकाचे कर्तव्य ठरविले आहे.

कोंबड्या मारल्या जातील या भीतीने काही जण आजार लपवितात व आजारी पक्षी घाईने बाजारात विकतात. त्यामुळे रोग गावोगाव पोहोचतो. नुकसानभरपाई मिळते ती शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची नव्हे. तेव्हा लवकर कळविण्यातच मालकाचे हित आहे, ही गोष्ट ग्रामसेवकांनी घरोघरी समजावून द्यावी.