पडद्यावरची श्वासाची रेघ

एक इंजेक्शन दिलं की भूल झाली, असं अनेकांना वाटतं. इंजेक्शनने झोप लागते खरी. पण पोटाच्या मोठ्या ऑपरेशनला स्नायू सैल करण्याचं औषधही द्यावं लागतं आणि त्याने पेशंटचा श्वास थांबतो. पुढचे दोन-तीन तास तो श्वास भुलीचं मशीन चालवतं. मी भूलतज्ज्ञ आहे. तालुक्याच्या गावात आणि आसपास, छोट्या हॉस्पिटलांतून बोलावणं येईल तिथे जाते. प्रत्येक ठिकाणचं मशीन वेगळं, म्हणून पेशंटला टेबलावर घेण्याआधी मी मशीन तपासते.

लंडनच्या डॉ. हेन्री बॉइल यांच्या १९१७ च्या यंत्रावरून आमच्याकडच्या जुन्या सिस्टर अजून त्याला ‘बॉइल्स’च म्हणतात. मागे सिलिंडर असतात. ऑक्सिजनचं काळं, खांद्याशी पांढरं. नायट्रस ऑक्साइडचं निळं. सिलिंडर अडकवायच्या जागी दोन खुंट्या असतात आणि प्रत्येक वायूसाठी त्यांची जागा निराळी, त्यामुळे निळं सिलिंडर ऑक्सिजनच्या जागी बसतच नाही. ऑक्सिजनची चावी मोठी आणि खोल खाचांची, न बघताही बोटांना कळते. मशीन बरं असेल तर नायट्रस कितीही वाढवला तरी ऑक्सिजन साधारण २५ टक्क्यांखाली जात नाही. चुकीचा वायू जाऊन माणसं दगावली, तेव्हा हे शहाणपण लोखंडात उतरलं. म्हणून या खुंट्यांशी कुणी खटपट केलेली दिसली की मी ते मशीन वापरत नाही.

पुढे व्हेपोरायझर. त्यात भुलीचं द्रव औषध असतं. सेव्होफ्लुरेनचा पिवळा, आयसोफ्लुरेनचा जांभळा. वायू त्यावरून जाताना ठरलेलं प्रमाण घेऊन जातो. पेशंटने सोडलेला श्वास वाया न घालवता पुन्हा वापरतात, पण आधी त्यातला कार्बन डायऑक्साइड सोडालाइमच्या दाण्यांत शोषला जातो. दाण्यांच्या डब्यावर हात ठेवला तर तो कोमट लागतो. म्हणजे दाणे काम करताहेत. गुलाबी दाणे पांढरे पडले की बदलायचे.

आता मॉनिटर. बोटाला लावतात तो चिमटा कोविडमुळे घराघरांत पोचला. जपानचे ताकुओ आओयागी रक्तात रंग सोडून हृदयाचं काम मोजत होते आणि नाडीचे ठोके त्यात सारखे अडथळा आणत. त्यांनी त्या ठोक्यांनाच कामाला लावलं. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून जातात. ठोक्यासरशी जेवढा फरक पडतो तेवढा धमनीतल्या रक्ताचा, आणि त्यावरून ऑक्सिजनचं प्रमाण निघतं. ही कल्पना त्यांनी १९७४ मध्ये मांडली. गडद नेलपॉलिश आणि काळी मेंदी या प्रकाशाच्या आड येते, म्हणून ऑपरेशनआधी नेलपॉलिश काढायला सांगतात. सॅच्युरेशन उतरलं की मॉनिटरचा सूरही खाली येतो. पाठमोरी असले तरी मला कळतं.

पण हा चिमटा उशिरा सांगतो. आधी भरपूर ऑक्सिजन दिलेल्या धडधाकट माणसाचा श्वास थांबला, तरी आकडा काही मिनिटं ९९ वरच राहू शकतो. श्वासनलिकेत घालायची नळी अन्ननलिकेत गेली तर ती काही मिनिटंच हातची जातात. म्हणून दुसरं उपकरण लागतं, कॅप्नोग्राफ. ते बाहेर पडणाऱ्या प्रत्येक श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजतं. नळी जागेवर असेल तर पडद्यावर एकामागून एक चौकोनी लाटा उमटतात आणि आकडा साधारण ३५ ते ४५ च्या दरम्यान राहतो. नळी चुकली तर काही श्वासांतच रेघ सपाट होते. निसटली तर पुढच्याच श्वासाला.

मोठ्या शहरांतल्या हॉस्पिटलांत हे उपकरण असतंच. लहान ठिकाणी खर्च म्हणून मागे राहतं, म्हणून मी माझं गाडीत ठेवते. नातेवाईक खोलीचं भाडं विचारतात, टाके कधी काढणार ते विचारतात. पूर्ण भूल देणार असतील तर कॅप्नोग्राफ आहे का, हेही बिनधास्त विचारा. मला कुणी विचारलं तर मी मशीन दाखवते.