कायटिनसाठी फक्त कोळंबीच का?

कायटिन, म्हणजे कवचांतला टणक पदार्थ, म्हटलं की कोळंबी-खेकड्यांची टरफलं आठवतात. पण 1823 मध्ये संशोधक ऑगस्ट ओदिए यांनी ते मिळवलं भुंगेऱ्यांच्या कडक पंखांतून. पोटॅशच्या द्रावणात पंख उकळल्यावर प्रथिनं विरघळली, उरलं ते कायटिन. कोळंबी आणि कीटक, दोन्हीकडचं कायटिन बहुतांशी एकाच, अल्फा नावाच्या प्रकारचं, तरी काढायला मला कीटकच सोयीचे वाटतात. कोळंबीच्या टरफलातलं भरपूर कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळवावं लागतं. बहुतेक कीटकांत खनिजं थोडीच. आक्षेप असा, की त्यांच्या कवचातली प्रथिनं घट्ट जखडलेली असतात, रंगही चिवट, म्हणून ब्लीच जास्त लागतं. हे खरंच आहे. पण म्हणूनच कीटक पारखून घ्यावा. उदाहरणार्थ, रेशीम काढल्यावर उरणारे रेशीमकिड्यांचे प्यूपे एका जागी, आयते मिळतात. फक्त आधी त्यांचं तेल काढावं लागतं.