संगणक विषाणू

संगणक विषाणू म्हणजे स्वतःच्या प्रती तयार करून इतर आज्ञावलींना अथवा फाइलींना चिकटणारी आज्ञावली होय. विषाणू संगणकात आपोआप उद्भवत नाही; तो कोणीतरी हेतुपुरस्सर लिहिलेला असतो. शिवाय तो कार्यान्वित होण्यासाठी बहुधा कोणीतरी, नकळत का होईना, ती बाधित फाइल उघडावी लागते. घरगुती संगणकाच्या रक्षणात ही दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची ठरते. नुसती पडून राहिलेली बाधित फाइल काही करू शकत नाही. मात्र ती चालवली गेली, की चालवणाऱ्याला संगणकावर जे अधिकार असतात ते सर्व तिला मिळतात.

नाव आणि व्याप्ती

अमेरिकेतील फ्रेड कोहेन यांनी १९८३ मध्ये अशा आज्ञावलीचे प्रात्यक्षिक दाखवले. तिला 'विषाणू' हे नाव त्यांचे अध्यापक लेनर्ड अ‍ॅडलमन यांनी सुचवले. जगातील सर्व विषाणू बिनचूक ओळखणारी आज्ञावली कोणालाही लिहिता येणार नाही, हेही पुढे कोहेन यांनीच तर्काने सिद्ध केले. विषाणूरोधक सॉफ्टवेअर विकत घेऊन निर्धास्त होणाऱ्यांनी हा सिद्धान्त अवश्य ध्यानात घ्यावा.

व्यवहारात सर्वच उपद्रवी आज्ञावलींना 'व्हायरस' म्हटले जाते. काटेकोरपणे पाहता, दुसऱ्या फाइलीच्या आश्रयाशिवाय जाळ्यातून स्वतः पसरतो तो 'वर्म' म्हणजे कृमी. उपयुक्त आज्ञावलीचे सोंग घेऊन येतो तो 'ट्रोजन'. आणि फाइली कुलूपबंद करून खंडणी मागते ते 'रॅन्समवेअर'. या सर्वांना मिळून 'मॅलवेअर' अशी संज्ञा आहे.

लाहोर ते पुणे

आयबीएम पीसीवर पसरलेला पहिला विषाणू 'ब्रेन' हा १९८६ मध्ये लाहोर येथील बासित आणि अमजद फारूक अल्वी या बंधूंनी लिहिला. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रतींना आळा घालण्यासाठी तो लिहिल्याचे त्यांनी सांगितले. विषाणूत त्यांनी स्वतःची नावे, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातले होते. आजच्या विषाणूकर्त्यांकडून अशा सरळपणाची अपेक्षा करता येत नाही. ब्रेन फ्लॉपीच्या आरंभीच्या भागात दडत असे आणि फ्लॉपीबरोबर एका संगणकावरून दुसऱ्यावर जात असे. पुढे पुण्यात कैलास आणि संजय काटकर या बंधूंच्या संगणक-दुरुस्तीच्या व्यवसायातून 'क्विक हील' हे विषाणूरोधक सॉफ्टवेअर १९९० च्या दशकात आकाराला आले.

'आय लव्ह यू' प्रकरण

विषाणू माणसाच्या हातूनच आपले काम कसे करवून घेतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण मे २००० मधील आहे. 'आय लव्ह यू' असा विषय असलेले ई-मेल जगभर फिरू लागले. त्यासोबतच्या फाइलीचे नाव 'लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस' असे होते. विंडोजमध्ये परिचित प्रकारच्या फाइलींच्या नावाचे शेवटचे अक्षरगट मुळात लपवलेले असतात. त्यामुळे 'व्हीबीएस' दिसत नसे, केवळ 'टीएक्सटी' दिसे, आणि वाचणाऱ्याला ते साधे पत्र वाटे. प्रत्यक्षात ती आज्ञावली होती. उघडताच ती संगणकावरील छायाचित्रांच्या फाइलींवर स्वतःची प्रत लिहून त्या नष्ट करी आणि पत्तावहीतील सर्वांना तेच ई-मेल पाठवी. पत्र ओळखीच्या व्यक्तीकडून आलेले दिसल्यामुळे पुढचा वाचकही ते उघडत असे.

ही आज्ञावली फिलिपिन्समधील एका विद्यार्थ्याने लिहिली होती. तेथे त्या वेळी या कृत्यासाठी कायदाच नसल्याने खटला टिकला नाही. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम त्याच वर्षी संमत झाला. त्याच्या कलम ४३ मध्ये दुसऱ्याच्या संगणकात विषाणू सोडण्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

हीच युक्ती अजून जुनी झालेली नाही. अलीकडे मोबाइलवर लग्नपत्रिकेच्या नावाने येणाऱ्या 'एपीके' फाइली त्याच जातीच्या होत. संगणकावर फाइलींची पूर्ण नावे दिसतील अशी सोय फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' या विभागात आहे. ती चालू केल्यास 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' अशा नावाचे बिंग लगेच फुटते.

पेनड्राइव्ह

झेरॉक्सच्या दुकानात किंवा सायबर कॅफेत छपाईसाठी दिलेला पेनड्राइव्ह हा संसर्गाचा जुना मार्ग आहे. पूर्वी तो जोडताच त्यातील आज्ञावली आपोआप चालू होत असे; विंडोज ७ पासून मायक्रोसॉफ्टने ही सोय बंद केली. त्यानंतरही 'शॉर्टकट व्हायरस' टिकून राहिला. तो मूळ फोल्डर अदृश्य करतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट समोर ठेवतो. शॉर्टकट उघडल्यावर फोल्डर तर उघडतोच, पण विषाणूही चालू होतो. येथे पुष्कळांचे नुकसान विषाणूमुळे न होता घाईमुळे होते: फाइली गेल्या असे समजून पेनड्राइव्ह फॉरमॅट केला जातो. वास्तविक त्या बहुधा आतच असतात. आधी विषाणूरोधकाने तपासणी करून मग लपवलेल्या फाइली दाखवण्याची सोय चालू केल्यास त्या परत मिळू शकतात.

अद्ययावत करणे

काही कृमींना कोणी फाइल उघडण्याचीही गरज नसते. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या 'वॉनाक्राय' या रॅन्समवेअरने विंडोजमधील एका उणिवेचा फायदा घेतला आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचे कामकाजही विस्कळीत केले. ती उणीव दूर करणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिले होते. ज्यांनी ते बसवले होते त्यांचे संगणक या मार्गाने होणाऱ्या संसर्गापासून वाचले. विंडोज १० व ११ मध्ये 'डिफेंडर' हे विषाणूरोधक अंगभूत असते. घरगुती वापरासाठी ते सामान्यतः पुरेसे आहे, परंतु अपडेट थांबवून ठेवल्यास त्याचाही उपयोग मर्यादित होतो. फुकट मिळालेल्या 'क्रॅक' सॉफ्टवेअरसोबत विषाणूरोधक बंद करण्याची सूचना येते, ती पाळणे म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या देणे होय.

प्रती राखणे आणि संसर्गानंतरची कृती

रॅन्समवेअरने कुलूपबंद केलेल्या फाइली किल्लीशिवाय उघडणे बहुधा अशक्य असते. म्हणून कौटुंबिक छायाचित्रे, प्रमाणपत्रे आणि हिशेब यांची प्रत बाह्य हार्ड डिस्कवर ठेवावी लागते. ही डिस्क काम होताच संगणकापासून काढून ठेवणे आवश्यक आहे, कारण जोडलेली डिस्क विषाणूला संगणकाचाच भाग वाटते.

संसर्गाचा संशय येताच प्रथम आंतरजालाची जोडणी तोडावी, नंतर पूर्ण तपासणी करावी. पासवर्ड त्याच संगणकावरून न बदलता दुसऱ्या, निर्दोष उपकरणावरून बदलावेत. खंडणी दिल्याने फाइली मिळतीलच अशी शाश्वती नसते. युरोपोल आणि इतर संस्थांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर काही प्रकारांची कुलुपे उघडणारी साधने विनामूल्य मिळतात. बँकखात्यातून पैसे गेले असल्यास भारतात १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवता येते. तक्रार लवकर पोहोचल्यास रक्कम पुढे वळती होण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता वाढते.