टपाल तिकिटावर आपले पेडणे

यंदा आमच्या विद्यालयात इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांनी स्मारक टपाल तिकिटांचा प्रकल्प केला. पालक सभेत विचारणा झाली, "सर, मोबाइलच्या काळात तिकिटे कशाला? याला परीक्षेत गुण आहेत का?" प्रश्न रास्त आहे. संगणक कक्षाचे इतके तास कशात गेले, हे विश्वस्त मंडळालाही कळायला हवे. म्हणून हे निवेदन.

एखादी व्यक्ती, घटना वा संस्था यांच्या स्मरणार्थ टपाल खाते जे तिकीट काढते ते स्मारक तिकीट. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे वर्गात तोंडून 'डाक टिकट' निघते आणि मुले हसतात.) स्मरण कोणाचे करायचे, हे मात्र ज्याचे राज्य तो ठरवतो. पोर्तुगीज अमलात १८७१ पासून येथे वेगळी तिकिटे होती. १८९८ साली वास्को द गामाच्या सफरीला ४०० वर्षे झाली म्हणून तिकिटांची मालिका निघाली. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९८ साली, भारतीय टपाल खात्याने गोवा मुक्तिलढ्याचे अग्रणी त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांचे तिकीट काढले. मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचे १९९३ साली, तर दामोदर कोसंबी यांचे २००८ साली निघाले. या तिकिटांची चित्रे फळ्यावर लावून आम्ही मुलांना एवढेच विचारले की, पेडणे तालुक्याचे तिकीट काढायचे झाले तर कशाचे काढाल?

मुलांचे चित्र तिकिटावर येणे ही कल्पना आमची नव्हे. बालदिनाचे तिकीट आपल्याकडे १९५७ पासून निघते, आणि १९७४ च्या तिकिटावर एका मुलाने काढलेले मांजर होते.

उत्तरे अनेक आली. श्री भगवती मंदिरासमोरचे दगडी हत्ती, कोकण रेल्वेचा पेडणे बोगदा, तेरेखोलचा किल्ला, पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक. एका मुलीला स्वतःच्या आजीचे चित्र हवे होते. हयात व्यक्तीचे तिकीट सहसा काढत नाहीत, असे सांगितल्यावर ती हिरमुसली. दुसऱ्या दिवशी तिने आजीच्या अंगणात वाळत घातलेली हरमलची मिरची काढून आणली. आमच्या मते सर्वांत उत्तम चित्र तेच.

गणिताचे शिक्षक येथे उपयोगी पडले. आपली बरीच स्मारक तिकिटे ३.९१ बाय २.९० सेंटिमीटर मापाची असतात. सातपट केली तर २७.३७ बाय २०.३० होतात आणि ए-फोर कागदावर बसतात; आठपट बसत नाहीत. लांबी सातपट म्हणजे क्षेत्रफळ एकोणपन्नासपट, हे मुलांनी कागद कापून पाहिले. चित्र स्कॅन करून संगणकावर लहान केले तेव्हा सात मिलिमीटर उंचीचे अक्षर एक मिलिमीटरचे झाले. ज्यांनी पाच-पाच ओळी लिहिल्या होत्या त्यांच्या तिकिटावर मुंग्या दिसू लागल्या! मग मजकूर काटला. 'भारत' देवनागरी व रोमन लिपीत, किंमत, विषय आणि साल, एवढेच उरले.

आणि सालातच चूक झाली. तेरेखोलच्या गटाने '१५ ऑगस्ट १९५५' छापले, पत्रादेवीच्या गटाने '१९५४'. तिकिटे आठवडाभर सूचना फलकावर होती. शिक्षकांच्या, आमच्याही नजरेतून ती सुटली. नातवाला न्यायला आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी कार्यालयात येऊन शांतपणे सांगितले. आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी तेरेखोल किल्ल्यावर तिरंगा फडकावला तो १५ ऑगस्ट १९५४ ला. हजारो सत्याग्रही सीमा ओलांडून गोव्यात आले आणि पत्रादेवीला गोळीबारात पंजाबचे कर्नेलसिंग बेनिपाल यांनी प्राण दिले ते पुढच्या वर्षी, १९५५ ला. दोन्ही जागा आपल्याच तालुक्यातल्या, आणि चुकलो आपणच. आम्हांला फार संकोच वाटला. दोन्ही गटांनी तिकिटे पुन्हा केली आणि सोबतची माहितीपत्रिका त्या गृहस्थांना दाखवूनच छापली.

गुणांचे म्हणाल तर इतिहास, गणित, चित्रकला व संगणक या चारही विषयांच्या प्रकल्पात हे काम धरले आहे. शिवाय टपाल खात्याची दीनदयाळ स्पर्श ही शिष्यवृत्ती २०१७ साली सुरू झाली. ती सहावी ते नववीच्या तिकीटसंग्राहक विद्यार्थ्यांसाठी असून वर्षाला ६००० रुपयांची आहे. तिला शाळेत तिकीटसंग्रह मंडळ असणे उपयोगी, म्हणून ते आम्ही पुढील सत्रात काढत आहोत.

मुलांची तिकिटे पत्रावर चालत नाहीत, हे वर्गात सांगितले होते. तरी एका विद्यार्थ्याने आपले तिकीट चिकटवून आजोबांना पत्र टाकलेच. आजोबांनी दंड भरून ते सोडवले आणि पाकीट जपून ठेवले आहे, असे कळते.

मंडळासाठी घरोघरची जुनी पाकिटे हवी आहेत. तिकीट कापून आणू नये. पाकीट शिक्क्यासह आणावे. शिक्क्यावरचे गाव आणि तारीख मुलांना वाचायची आहे.