ईदसाठी कोळसा घेताना

बकरी ईद जवळ आली की घरोघरी चर्चा सुरू होते ती बकऱ्याची. दात किती, वजन किती, कुठल्या बाजारातून आणायचा, यावर महिनाभर खल चालतो. सीखेच्या खिम्यात कच्ची पपई किती घालायची यावरून जावा-जावांत मतभेद होतात. कोळसा मात्र कुणाच्या ध्यानातही नसतो. ईदच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घरातल्या एखाद्या मुलाच्या हाती पिशवी देऊन त्याला पिटाळले जाते, "जा, तीन किलो कोळसा घेऊन ये." दुकानदार गोणीच्या तळाचा चुरा भरून देतो. मग संध्याकाळी गच्चीवर अर्धा तास पुठ्ठ्याने वारा घालणे, डोळ्यांतून पाणी, रॉकेलचा वास आणि शेवटी बाहेरून काळी, आतून कच्ची सीख. दोष मात्र मसाला वाटणारीला दिला जातो.

सीख, बोटी किंवा तंदुरी कोंबडी खरे तर निखाऱ्यावर शिजते, ज्वाळेवर नाही. निखारा चांगला हवा तर कोळसा चांगला हवा. तो पारखणे बकरा पारखण्याइतके अवघड नाही. फक्त कोळसा म्हणजे काय हे एकदा समजून घ्यावे लागते.

लाकूड उघड्यावर पेटवले तर त्याची राख होते. तेच लाकूड मातीने झाकलेल्या भट्टीत, हवा अगदी बेताची देऊन तापवले तर त्यातले पाणी निघून जाते, धूर आणि डांबरासारखे पदार्थ बाहेर पडतात आणि मागे बहुतांशी कार्बन उरतो. हाच लाकडी कोळसा. नीट झालेल्या कोळशात कार्बनचे प्रमाण साधारण ७५ टक्के असते आणि राख फक्त तीन-चार टक्के. भट्टी घाईने उघडली तर लाकडाचा गाभा कच्चा राहतो. भट्टीत निघायला हवा होता तो धूर मग आपल्या गच्चीवर निघतो. कोळशाच्या सगळ्या परीक्षा या एका गोष्टीतून येतात.

पहिली परीक्षा कानाची. आमच्या नानी वखारीत गेल्या की दोन तुकडे उचलून एकमेकांवर आपटायच्या. काचेच्या बांगड्यांसारखा खणखण आवाज आला तरच गोणी तोलायला सांगायच्या. आवाज बद्द आला तर कोळसा दमट किंवा कच्चा. दुसरी परीक्षा डोळ्यांची. एक जाडसा तुकडा मोडून आत पाहावे. आतला भाग काळा आणि चकचकीत असावा, लाकडाच्या रेषा दिसाव्यात. तपकिरी पट्टा दिसला तर तो तुकडा अर्धे लाकूड आहे आणि धूर करणारच. तिसरी परीक्षा वजनाची, आणि इथे बरेच जण फसतात. जड लाकडाचा कोळसा जड असतो हे खरे, पण ओला कोळसाही जडच लागतो आणि मातीने माखलेलाही. त्यामुळे नुसत्या वजनावर जाऊ नये, वजन आणि आवाज दोन्ही जुळले पाहिजेत.

लाकडावरही बरेच अवलंबून असते. बाभूळ, धावडा अशा घट्ट लाकडाचा कोळसा सावकाश पेटतो, पण निखारा बराच वेळ टिकतो. हलक्या लाकडाचा कोळसा चटकन पेटतो आणि सीखेची दुसरी फेरी लावेपर्यंत विझू लागतो. आजकाल बाजारात विलायती बाभळीचा कोळसा पुष्कळ असतो. हे झाड अमेरिका खंडातून आले आणि कोरडवाहू प्रदेशात बेसुमार पसरले. कच्छमध्ये त्याला गांडो बावळ म्हणतात आणि त्याच्या कोळशाचा तिथे मोठा व्यवसाय चालतो. कोळसा म्हणून तो उत्तम आहे. शिवाय आपले देशी झाड तुटत नाही, हा माझ्या दृष्टीने त्याचा आणखी एक फायदा. करवंटीचा कोळसाही छान, स्वच्छ जळतो. मात्र त्याचे तुकडे लहान आणि पातळ असतात. चार सीखा लावायच्या असतील तर ठीक, पंचवीस माणसांच्या दावतीला नाही.

तुकड्यांचा आकार मिसळीचा घ्यावा. मुठीएवढे तुकडे खाली आणि लिंबाएवढे वर. चुरा शेगडीच्या जाळीवर बसला की खालून येणारी हवा अडते, मग कितीही वारा घाला, निखारा फुलत नाही. म्हणून गोणीच्या तळाचा माल घेऊ नये आणि घरी आणल्यावर कोळसा जुन्या चाळणीतून चाळून घ्यावा. आमच्या घरच्या अंदाजाने दोन किलो खिम्याच्या सीखांना दोन-अडीच किलो चांगला कोळसा पुरतो. चुऱ्याचा असेल तर चार किलोही कमी पडतो. त्यामुळे स्वस्त कोळसा स्वस्त पडतोच असे नाही.

शहरांत आणखी एक माल येतो. मोडलेल्या फर्निचरचे, बांधकामाच्या फळ्यांचे, प्लायवूडचे लाकूड जाळून केलेला कोळसा. सरळ कापलेल्या कडा, पातळ चपटे तुकडे, कुठे एखादा गंजका खिळा, ही त्याची ओळख. रंग, पॉलिश आणि डिंक लावलेल्या लाकडावर अन्न भाजायचे नसते. असा कोळसा कितीही खणखणीत वाजला तरी परत करावा. आणि दुकानात 'लाकडी' हा शब्द ठासून सांगावा. मराठीत खाणीतल्या दगडाला आणि भट्टीतल्या लाकडाला आपण एकच शब्द वापरतो. दगडी कोळशाच्या धुरात गंधकाचे वायू असतात, त्यावर भाजलेली बोटी खाण्याच्या लायकीची नसते.

ब्रिकेट नावाच्या एकसारख्या वड्या मॉलमध्ये मिळतात. त्या कोळशाच्या भुकटीत पिठूळ चिकट पदार्थ, कधी माती मिसळून दाबून केलेल्या असतात. आच एकसारखी देतात, पण राख भरपूर. आखातातून परतलेल्या काही कुटुंबांत आता अंड्याच्या आकाराच्या सिरॅमिकच्या जाड शेगड्या दिसू लागल्या आहेत. त्यांना कामाडो म्हणतात. हा जपानी शब्द आहे आणि त्याचा अर्थ चूल. त्या शेगडीत हवा खालच्या छोट्या झडपेतून येते आणि वरच्या भोकातून जाते. राख साचली की वाट बंद. म्हणून तिला ब्रिकेट नको, अखंड तुकड्यांचा कोळसाच हवा. तिच्यात पेटवण्याचे तेलही ओतू नये, कारण ते सच्छिद्र भिंतीत मुरते आणि पुढे कितीतरी दिवस वास येत राहतो. आपल्या मातीचे अस्तर दिलेल्या शेगडीचे अगदी तसेच आहे. रॉकेल एकदा ओतले की चार दावतींना पुरते! कामाडोचे झाकण मात्र एकदम उघडू नये. आधी जरासे उचलून हवा आत जाऊ द्यावी, नाहीतर ज्वाळा तोंडावर येते.

पावसाचाही विचार हवा. २०२३ साली बकरी ईद २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जूनला, २०२५ मध्ये ७ जूनला. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आहे, तरी कोकणात आणि मुंबईत या दिवसांत हवा दमटच असते. कोळसा हवेतला ओलावा शोषून घेतो. ओला कोळसा तडतडतो, ठिणग्या उडतात आणि आजूबाजूला नव्या कपड्यांतली मुले बागडत असतात. म्हणून कोळसा आठ-दहा दिवस आधी आणावा, एक-दोन कडक उन्हे द्यावीत आणि झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावा.

पेटवण्यासाठी तुपाचा जुना डबा दोन्ही बाजूंनी कापून, खालच्या अंगाला भोके पाडून घ्यावा. तळाशी कागद आणि नारळाचे सोडण, वर कोळसा. पंधरा-वीस मिनिटांत सगळा डबा पेटतो, वारा घालावा लागत नाही. तुकड्यांवर राखाडी साय चढली की ते सांडशीने शेगडीत ओतावेत आणि मगच सीखा लावाव्यात. चरबी गळून ज्वाळा उठली तर सीख बाजूला सरकवावी. त्या काळ्या काजळीला काही जण चव म्हणतात, पण ती पोटात जाण्यासारखी वस्तू नाही.

या कोळशामागे माणसेही आहेत. मातीच्या भट्टीत एक किलो कोळशाला पाच-सहा किलो लाकूड लागते. ते तोडणे, रचणे, रात्रंदिवस राखण करणे, धुरात उभे राहून भट्टी फोडणे, हे सारे हाताने होते. रायगड जिल्ह्यातली कातकरी कुटुंबे या कामावर वर्षानुवर्षे जात आली आहेत. पूर्वी खैराचा कात काढायचे म्हणून ते कातकरी. पावसाळ्यात पोटासाठी घेतलेली उचल फेडायला दिवाळीनंतर मुलाबाळांसह भट्टीवर जायचे आणि हिशेब कधी पुरा व्हायचाच नाही, अशी अनेकांची गत झाली. वेठबिगारीवर १९७६ च्या कायद्याने बंदी आहे, तरी भट्ट्यांवरून सुटका झालेल्या कुटुंबांच्या बातम्या आजही वाचायला मिळतात. खराब माल जरूर परत करावा. पण चांगला कोळसा पाहून पाच रुपयांसाठी घासाघीस करताना हे आठवले तर बरे.

धूर नाही, तरी धोका आहे

आता सर्वांत महत्त्वाचे. इतका पारखून आणलेला कोळसा धूर करत नाही, आणि नेमकी तिथेच फसगत होते. धुराचा कोळसा आपण आपणहून घराबाहेर काढतो, डोळे चुरचुरू लागले की खिडक्या उघडतो. बिनधुराचा कोळसा बाहेर पाऊस आला की सहज खोलीत आणला जातो. पण जळत्या कोळशातून, चांगल्या असो की वाईट, कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो आणि मग श्वास चालू असूनही शरीर गुदमरते. डोके दुखते, गरगरते, मळमळते. मेजवानीच्या दिवशी आपण म्हणतो, जास्त खाल्ले. झोपलेल्याला तर काहीच कळत नाही. उत्तर भारतात थंडीच्या दिवसांत बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली घरेच्या घरे गेल्याच्या बातम्या जवळजवळ दर हिवाळ्यात येतात.

आपल्याकडे हीच गोष्ट बाळंतिणीच्या खोलीत घडू शकते. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा, शेपा, लोबान, आणि वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या बंद. शेक द्यायचा तर गरम पाण्याची पिशवी आहे, तापवलेला कपडा आहे. निखारे खोलीत नकोतच, चाळीस दिवसांच्या बाळाजवळ तर मुळीच नकोत. सासूबाईंना हे सांगणे अवघड जाते, मला कल्पना आहे. तेव्हा सुनेने सांगण्याऐवजी तिच्या नवऱ्याने आपल्या आईला सांगावे. ईदच्या दिवशी पाऊस आलाच तर शेगडी बंद गॅलरीत किंवा जिन्यात न नेता भाजणे थांबवावे आणि खिमा तव्यावर टाकावा. तव्यावरचे कबाबही उत्तम होतात.

त्याला कोळशाचा वास हवा तर भांड्यात वाटी ठेवून निखाऱ्यावर तूप सोडण्याची आपली रीत आहेच. त्यासाठी मात्र लोबानाच्या दुकानातल्या, काडी लावताच पेटणाऱ्या काळ्या गोल टिकल्या वापरू नयेत. त्या लवकर पेटाव्यात म्हणून त्यांत सोरा मिसळलेला असतो. लाकडी कोळशाचा एक साधा तुकडा पुरेसा आहे, आणि तो गॅसवर फुलवताना खिडकी उघडी असावी.

दावत संपल्यावर निखाऱ्यांवर पाणी ओतू नये. वाफेने हात पोळतो आणि मातीची शेगडी तडकते. सांडशीने निखारे उचलून घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकावेत आणि डबा रात्रभर घराबाहेर ठेवावा. हवा मिळाली नाही की ते आपोआप विझतात आणि पुढच्या वेळी चटकन पेट घेतात. शेगडीतली राख मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत तशीच राहू द्यावी, तिच्या पोटात विस्तव असतो आणि प्लास्टिकच्या कचरापेटीला तेवढा पुरतो. गार झाल्यावर ती बोटांत चोळून पाहावी. मऊ, पांढुरकी आणि थोडी असेल तर त्याच वखारीत पुन्हा जावे. खडे आणि तांबूस ढेकळे निघाली तर पुढच्या ईदला दुकान बदलावे.